तीन ओळींचे मास्तर

बोट वर करायचं आणि "गप्प! ऐका!" म्हणायचं, ही त्यांची खोड. समोर कोण आहे याचा मुलाहिजा नाही. हेडमास्तर एकदा त्यांना उशिरा आल्याबद्दल झापत होते, तर ह्यांचं बोट वर. बाहेर भारद्वाज घुमत होता. असा माणूस तुमच्या गावातही असेल. नसला तर सुखी आहात.

साठ सालानंतर कधीतरी ते बांद्याहून मालवणला इंग्रजी शिकवायला आले. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी जपानी हायकू वाचले होते, आणि तेव्हापासून त्यांना लांब कविता सोसवेना. आम्ही काहीजण रविवारी वाचनालयात कविता वाचायचो. कुणाची संपली की हे उठत, "पुरे! तीन ओळींत मावतला," म्हणत आणि तिचा तिथल्या तिथे हायकू करत. एका वकिलांनी माडांच्या बागेवर, तिच्यातल्या चुडतांवर म्हणजे झावळ्यांवर, पानंच्या पानं वाचली. ह्यांनी ऐकवलं:

पडलं चुडत
कुत्रं भुंकलं
परत वारा

सगळे हसले. वकील पुन्हा फिरकले नाहीत. मला तर हे मास्तर डोळ्यांसमोर नको असत.

त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ होडीसकट बुडाला. सापडला नाही. रापण ओढताना, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं खेचताना, त्याची हाळी सगळ्यांत मोठी असायची. आय रडली नाही. रांधायची, वाढायची, उष्टी काढायची. ती रडावी म्हणून मी त्याच्यावर दीर्घ कविता लिहिली आणि आयला वाचनालयात आणून पुढे बसवलं.

मी वाचली. क्रूर सागर, निष्ठुर काळ, सगळं होतं तिच्यात. आय पदराचं टोक चाळवत बसली.

आणि हे उठले. "पुरे!"

"मास्तर, आज नको," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

ओढली रापण
एक हाक कमी
लाट तेवढीच

मी त्यांची गचांडी धरली. चार जणांनी मला मागे ओढलं. तेवढ्यात आय म्हणाली, "मास्तरांनू, परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. आय तिथेच, परक्या पुरुषांसमोर, मोठ्याने रडली.

मी त्यांच्याशी पुन्हा बोललो नाही. पुढे त्यांची बदली झाली, मग बांद्याला ते वारल्याचं कळलं. मी समाचाराला गेलो नाही. कशाला जायचं?

आयला सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मास्तरांची ती रापणीची कविता म्हणान दाखय रे."

"माका नाय येणा."

"येता तुका. तेंचो राग कर व्हयो तितको, पण म्हण."

मी दात आवळून म्हटली. ती असेपर्यंत म्हणत राहिलो. माझी कविता तिने एकदाही मागितली नाही.