लेमारेच्या नवऱ्याचं नाव

शी! अजून आठवलं की तोंड कडू होतं माझं.

लेमारे माझी शेजारीण. नवऱ्याला जाऊन दहा वर्षं झाली, पण त्याचं नाव तिनं कधी ओठांवर आणलं नाही. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तो मेल्यावर तर नाहीच नाही. त्या नावात दोनदा ओठ थरथरवायचे, ब्रर्र, ब्रर्र. आमच्या भाषेत उंदीर म्हणताना, डुक्कर म्हणतानासुद्धा तसंच करावं लागतं. हल्लीच्या पोरांना कुठलं जमायला! ती बाजारची खिचडी भाषा बोलतात, बिस्लामा. नीट बोलणाऱ्या उरलो आम्ही दोघी.

तिचा पुतण्या जोसाया. बेटावर जहाजातून गंमत बघायला पाहुणे यायला लागले, तशी त्याला अक्कल सुचली. लेमारेला त्यांच्यापुढे वडाखाली बसवलं, हातात किसायला कोनफळ दिलं, अन् "काकी, उंदीर म्हण! डुक्कर म्हण!" ती म्हणायची. वेडी खूश! "कुणीतरी ऐकतंय गं," मला म्हणाली.

"ऐकतायत कसले," मी म्हटलं, "थोबाड बघतायत तुझं."

तिनं जोसायाला एकच बजावलं होतं, "बाबा, त्यांचं नाव तेवढं या लोकांत काढू नकोस."

"छे छे, काकी! मी काय वेडा आहे?"

मेला! पुढच्याच जहाजाला उभा राहिला, "आता सगळ्यांत अवघड शब्द," म्हणाला, आणि चुलत्याचं नाव मोठ्यानं घेतलं. वर सगळ्यांना म्हणायला लावलं. उन्हानं लाल झालेली ती माणसं ओठ फुरफुरवतायत, थुंकी उडवतायत, खिदळतायत. एकाची लाळ हनुवटीवरून ओघळली, ती त्यानं टोपीला पुसली. आपली गावची माणसंही हसत होती, लाज नाही मेल्यांना.

"आता काकी म्हणेल!" जोसाया ओरडला.

लेमारेनं किसणी खाली ठेवली. "संपलं," म्हणाली, तेही बिस्लामात, आणि घरी गेली.

सकाळी मी कुंपणापाशी आमच्या भाषेत विचारलं, "जेवलीस का गं रात्री?" उत्तर बिस्लामात. दुपारी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी मी भांडले तेव्हा म्हणाली, "उष्टं झालं गं सगळं. आता तोंडात घालवत नाही."

परवा तो निर्लज्ज माझ्या दारात. "मावशी, जहाज येतंय. काकी ऐकत नाही. तू बसतेस?"

आमच्या भाषेतल्या शेलक्या शिव्या जिभेवर आल्या होत्या. पण ऐकून तो म्हणाला असता, "वा मावशी, हेच म्हण पाहुण्यांपुढे!" म्हणून गिळल्या.

"नाही," म्हटलं. बिस्लामात.