हरेश्वरभाऊंची शुगर

"चारशे बारा," मी आकडा वाचला आणि आमचे डॉक्टर उखडलेच.

"इंजेक्शनं चुकवता तुम्ही, हरेश्वर. आता बोट बंद."

भाऊ चिंचणीचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. बोट बंद म्हणजे घरची चूल बंद. "रोज टोचतो साहेब. समुद्रात पण," ते खाली बघत म्हणाले. त्यांची बायको जयवंती मात्र तडकली. "घरी मी स्वतः बघते ना!"

माझ्यामागे नर्सिंगच्या चार विद्यार्थिनी उभ्या. मी त्यांना तिथेच समजावलं. जठरामागे स्वादुपिंड असतं, म्हणजे पॅन्क्रियाज. ते अन्न पचवणारा रस करतं आणि रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिनही. भाऊंना मागे पॅन्क्रियाटायटिस झाला, म्हणजे तिथे जबर सूज आली. ग्रंथी बहुतेक कामातून गेली. शुगरच्या बऱ्याच गोळ्या याच ग्रंथीला कामाला लावतात, पण इथे लावायला ती उरलीच नव्हती. म्हणून इंजेक्शनला पर्याय नाही.

बोलता बोलता मी जुने केसपेपर चाळत होते आणि एकदम थांबले. घरी असताना शुगर ठीक. बोटीवरून आले की चढलेली. प्रत्येक वेळी!

"भाऊ, घरची बाटली वेगळी ना? बोटीवरचं इन्सुलिन कुठे ठेवता?"

"बर्फात. मावऱ्याच्या खणात, मासळीखाली एकदम तळाला. तुम्हीच बोललेल्या ना, थंड ठेवा."

बाटली त्यांच्या पिशवीतच होती. मी ती तळव्यांत घोळवली. हे इन्सुलिन घोळवलं की दुधासारखं एकसारखं दिसतं. यात गुठळ्या होत्या, काचेला चिकटलेल्या. खारं पाणी लागलेला बर्फ साध्या बर्फाहून थंड, त्यात ते गोठलं होतं. आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फुकट. माणूस इमानेइतबारे रोज बिनकामाचं औषध टोचून घेत होता.

"सापडलं!" मी ओरडलेच. जयवंती दचकली. मला हसूही येत होतं आणि रडूही.

लघवीत कीटोन, म्हणजे जिवावर बेतण्याची खूण, नव्हते, तेवढं नशीब. नव्या बाटलीनं दोन दिवसांत साखर उतरली. पुढच्या फेरीला बाटली बर्फात न जाता केबिनच्या सावलीत गेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात. वापरात असलेली बाटली अशी महिनाभर टिकते.

भाऊ परत आले. एकशे बावन्न.

"जा बोटीवर," डॉक्टर म्हणाले, आणि मला, "शाबास सिस्टर."

शाबासकी मी घेतली. पण 'थंड ठेवा' सांगून त्यांना घरी पाठवणारीही मीच होते. फ्रिज डोळ्यांसमोर धरून बोलले आणि समोर तांडेल बसलाय हे विसरले. हल्ली बाटली हातात देण्याआधी विचारते, ही राहणार कुठे?