चेअरमन साहेबांचं पॅकेट मागं

“पोरगी मला दारात दिसली. मग एकदम टेबलापाशी दिसली. मधे ती चाललीच नाही,” स्पीकरमधून हाडांचे डॉक्टर म्हणाले. “आणि मला तर तिची चालच बघायचीय!”

डॉक्टर औरंगाबादेत होते. आम्ही अंबड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात. आम्ही म्हणजे तिथल्या डॉक्टर मनीषाताई, ऊसतोडीला आलेली मीरा, तिची तीन वर्षांची लंगडणारी पूजा आणि मी. मी जालन्याची. नेटवर्क बसवायचं आणि बिघडलं की शिव्या खात दुरुस्त करायचं, हा माझा धंदा.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. कारखान्याचं औरंगाबादेत एक ऑफिस होतं. तिथपर्यंत नेटवर्कची भाड्याची लाइन घेतलेली होती. दर गुरुवारी हे डॉक्टर तासभर त्या ऑफिसात येऊन बसायचे आणि पडद्यावर पेशंट बघायचे. सोय उत्तम होती, फक्त चालत नव्हती.

पूजाला तिसऱ्यांदा चालवलं. चित्र पुन्हा गोठलं. पूजा वैतागून फरशीवर बसली ती उठेचना.

“पुढच्या गुरुवारी बघू का?” डॉक्टरांनी विचारलं.

मनीषाताईंनी माझ्याकडे पाहिलं. “पुढचा गुरुवार न्हाई हो. यांची टोळी परवा दुसऱ्या कारखान्याकडं चालली.”

मीरा म्हणाली, “मुकादम म्हन्तो, नुसतं दाखवायला शहरात जायला सुट्टी न्हाई. डाक्टर म्हनले इलाज व्हतो, तर सोडतो. घरचे म्हनतेत, मोठी झाली की चालंल आपोआप. तुमी कायतरी करा ताई.”

म्हणजे डॉक्टरांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि त्यासाठी चार पावलांचं धड चित्र. डॉक्टर म्हणाले, “मी अजून थोडा वेळ आहे. बघा जमतंय का.” मी लॅपटॉप उचलला आणि कारखान्याच्या इथल्या ऑफिसकडे निघाले.

लाइन बंद नव्हती, तुडुंब भरली होती. दुपारी कारखान्यातला प्रत्येक विभाग आपापल्या फाइली औरंगाबादच्या ऑफिसला पाठवायचा. ते मला माहीत होतं. पण लाइन भरली तरी व्हिडिओ अडायला नको, अशी सोय राउटरमध्ये असते.

ती सोय सोपी आहे. नेटवर्कवरून फाइल असो की चित्र, ते अख्खं जात नाही. त्याचे बारके तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर थोडी माहिती असते, तिला हेडर म्हणतात. कुठून आलं, कुठे जायचं, आणि एका छोट्या जागेत एक आकडा, घाई किती ते सांगणारा. बहुतेकांचा आकडा शून्य. आवाज किंवा समोरासमोरचं बोलणं असेल, तर ४६ लावायची रीत आहे. लाइन भरली की राउटर तो आकडा वाचतो, ४६ वाल्यांना पुढे सोडतो, बाकीच्यांना थांबवतो. फाइल थोडी उशिरा पोचली तर काही बिघडत नाही. चित्राचा तुकडा उशिरा आला तर तो फेकूनच द्यावा लागतो.

मी लाइनवरची पॅकेटं पकडून त्यांचे हेडर वाचायला लागले. दवाखान्याचा कॅमेरा, ४६. बरोबर. चेअरमनच्या ऑफिसचा कॉम्प्युटर, ४६. एमडींचा, ४६. चीफ अकाउंटंट, ४६. शेतकी अधिकारी, चीफ केमिस्ट, सगळे ४६. सगळेच पालखीत बसलेले, उचलणार कोण?

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

ऑफिस सुपरिंटेंडंट तौर साहेब शेजारीच उभे होते. सरळ माणूस, पण कारखान्यातल्या लग्नात कुणाला कोणत्या खुर्चीवर बसवायचं हेही त्यांना विचारून ठरायचं.

“म्यांच सांगितलं आधीच्या इंजिनिअरला,” ते अभिमानाने म्हणाले. “आधी चेअरमन साहेबाचं टाकलं. मंग एमडी साहेब रुसले. मंग संचालक मंडळातले दोघं आले. कुनाला न्हाई म्हन्ता? बराबर चालू राह्यलं होतं की.”

“कुठं चालू राह्यलं? सगळ्यांना शून्य करते. फक्त कॅमेऱ्याला ठेवते.”

“चेअरमन साहेबाचं पॅकेट मागं?” तौरांनी आवाज खाली आणला. “बिलकुल न्हाई मॅडम. माझी नोकरी हाय.”

मला भयंकर राग आला. तिकडे एक पोरगी फरशीवर बसलीय आणि इकडे मानपान. मी तडक चेअरमनच्या केबिनमध्ये शिरले. म्हातारा माणूस, जुना शेतकरी. चहा बशीत ओतत होते.

“साहेब, ऊस आला की वजनकाट्यावर आधी ट्रक घेता की बैलगाडी?”

त्यांनी भुवया वर केल्या. “बैलगाडी. ट्रक उभा राह्यला तर त्येला काय व्हतं? बैलं जुपलेली असतेत, उन्हात, वझं मानेवर.”

“ट्रक संचालकाचा असला तर?”

“माझा असला तरी. तो नियम म्यांच लावला. का बरं?”

मी सांगितलं. दवाखान्यातलं चित्र म्हणजे बैलगाडी. तुमच्या ऑफिसातून जाणाऱ्या फाइली म्हणजे ट्रक, आणि सगळे ट्रक गाडीच्या रांगेत घुसलेत. पूजाचंही सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

“कुनी घुसवले?”

दारातून तौर साहेबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

“तौर,” चेअरमन म्हणाले, “माझं पहिलं मागं घ्या. मंग कुनी रुसत न्हाई. जल्दी करा.”

तौर साहेब एकेका कॉम्प्युटरचा पत्ता वाचत गेले आणि मी राउटरमध्ये आकडे शून्य करत गेले. मग दवाखान्यात फोन लावला.

“सुधारलंय,” मनीषाताई म्हणाल्या. “पण डॉक्टर म्हणतात, अजून मधेच अडकतंय.”

घोडं कुठे पेंड खातंय? मी पुन्हा हेडर वाचले. एकच कॉम्प्युटर अजून ४६ लावून भली मोठी फाइल पाठवत होता. पत्ता पाहिला आणि मान वर केली.

तौर साहेब खिडकीबाहेर बघत होते. “म्हनलं, माझ्या एकट्यानं काय व्हतं,” ते पुटपुटले. “ते बी काढा.”

ते काढलं आणि मी दवाखान्याकडे अक्षरशः पळत सुटले. तौर साहेबही माझ्या मागे.

पूजा उठायला तयार नव्हती. शेवटी मीरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तिने नुसते हात पसरले. पूजा उठली. उजवीकडे झुकत, डुलत, आईकडे चालत गेली.

डॉक्टर म्हणाले, “पुन्हा एकदा.” ती पुन्हा चालली, या वेळी हसत.

“दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. मांडीचं हाड खुब्यातून जन्मापासूनच सरकलेलं वाटतंय. एक्स-रे काढून नक्की करू. आपोआप बरं होणार नाही, पण या वयात इलाज होतो. उशीर करू नका. सोमवारी घेऊन या. मुकादमाशी बोलायचं असेल तर त्याला इथं बसवा, मीच सांगतो.”

मीराने पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं, आणि कारण नसताना मी केबल तपासायला लागले. मुकादमाला बोलवायला तौर साहेब स्वतः गेले.

पूजावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या हंगामात मनीषाताईंचा फोन आला. पूजा दवाखान्यात कॅमेऱ्यासमोर चालायला आली होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती.

तेव्हापासून कुठल्याही ऑफिसात नेटवर्क लावताना काय आधी जायला हवं, हे मी विचारत नाही. ते सगळेच सांगतात. तुमचं काय थांबलं तर चालेल, एवढंच विचारते. बहुतेक जण दुसऱ्याचं नाव सांगतात. एखादा म्हणतो, “माझं थांबेल.” तो भेटला की मी बॅगेतून लॅपटॉप काढते.