काचेखालची मरळ आणि बाईंची पंचाहत्तरी

मंगळवार, १४ जुलै, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. डॉ. वसुधा कापडणीस यांच्या अमृतमहोत्सवी वर्षाचा शुभारंभ आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात सुरू असताना, व्यासपीठावर शोभेसाठी ठेवलेल्या काचेच्या टाकीत मरळ जातीचा एक मोठा मासा गुदमरून मेला. टाळ्या चालू होत्या.

गौरवलेख असा सुरू करायचा नसतो, प्रथम परिचयापासून करायचा असतो, हे मला ठाऊक आहे. परिचय पुढे येईल. मी नाशिकच्या कॉन्व्हेंटात शिकले. तिथल्या सिस्टरांचा नियम होता की तक्रार सांगायची तर आधी तारीख, मग वेळ, मग काय झालं ते. रडायचं असेल तर शेवटी आणि बाहेर जाऊन. पुढे बत्तीस वर्षं मी प्राणिशास्त्र विभागात प्रयोगनिर्देशक होते, सगळी वर्षं बाईंच्या हाताखाली. गौरव समितीने गौरवग्रंथासाठी माझ्याकडे ‘बाईंच्या कार्यावर दीड हजार शब्द’ मागितले. ते देते आहे. त्यातला एकही गाळू नये.

बाई मला प्रथम भेटल्या तेव्हा माझं इंग्रजी फार चांगलं होतं आणि बाकी काहीच नव्हतं. नोकरीच्या पहिल्या सकाळी मी जलचरांच्या श्वसनावर पाठ केलेलं छोटं भाषणच त्यांना ऐकवलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एका टाकीसमोर स्टूल ठेवलं आणि म्हणाल्या, “हा मासा कल्ल्यांची झाकणं उघडतो आणि मिटतो. एक तास बसा. दर मिनिटाला किती वेळा ते लिहा.”

मी पंधरा मिनिटं मोजलं. मग कंटाळले आणि उरलेले आकडे अंदाजाने भरले. कागद बघून बाईंनी मान वर केली.

“सोळाव्या मिनिटापासून मासा घड्याळासारखा चालायला लागला. असं काय झालं सोळाव्या मिनिटाला?”

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“उद्या पुन्हा बसा. कंटाळा आला तर ‘कंटाळा आला’ असं लिहा. तोही आकड्यापेक्षा खरा असतो.”

दुसऱ्या दिवशी मी बसले. त्या कागदावर दोन ठिकाणी ‘कंटाळा आला’ असं लिहिलेलं आहे आणि तो कागद बाईंनी फाईलला लावला. बाईंकडून मी पहिली गोष्ट शिकले ती ही, आणि या लेखाशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

निमंत्रणपत्रिकेत बाईंचं आयुष्य ‘प्राणिशास्त्रातील अमूल्य योगदान’ या तीन शब्दांत उरकलं आहे. हे शब्द कुणालाही चालतात, म्हणून मी काम सांगते. पाणी तापलं, घाण झालं किंवा आटलं, की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. अशा वेळी त्यात राहणारे जीव काय करतात, कुठपर्यंत तग धरतात आणि कुठे हात टेकतात, हे बाई आयुष्यभर मोजत आल्या. मासे, इगतपुरीच्या भातखाचरातले खेकडे, विहिरीतल्या गोगलगायी. खेकडा ज्या बांधावरून आणला, त्याच बांधावर परत सोडायचा, ही त्यांची सक्त ताकीद. एकदा परत सोडताना आम्ही दोन खेकड्यांची अदलाबदल केली, तर बाईंनी अर्ध्या वाटेवरून जीप वळवून पुन्हा चिखलात उतरवलं होतं आम्हाला.

गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी बाई पहाटे उजाडायच्या आत भरून आणत. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करतं, त्यामुळे दुपारी घाणेरडं पाणीसुद्धा मोजमापात चांगलं दिसतं. रात्रभर मात्र तेच शेवाळ तोच प्राणवायू वापरतं. खरी टंचाई पहाटे कळते. मासे मेल्याची बातमी आली की एका सरकारी कार्यालयाची माणसं दुपारी येत, बाटली भरत आणि पाणी उत्तम असल्याचा अहवाल देत. अशाच एका बैठकीत बाई उठल्या.

“पहाटे पाचला या.”

“मॅडम, आमची गाडी साडेदहाला निघते.”

“बरं. मग मी माशांना सांगते, साडेदहापर्यंत कळ काढा.”

सगळी खोली हसली. ते अधिकारीही हसले. पुढच्या आठवड्यात ते स्वतःच्या स्कूटरवरून पहाटे घाटावर आले, हेही सांगायला हवं. बाईंनी त्यांना थर्मासमधला चहा दिला. माणसाला लाजवायचं आणि मग चहा पाजायचा, ही बाईंची रीत. मला त्यातलं पहिलं जमलं, दुसरं अजून नाही.

आता मरळीकडे वळते. बाईंचा प्रबंध याच माशावर आहे आणि समितीने त्याचं मुखपृष्ठ पत्रिकेच्या पहिल्या पानावर रंगीत छापलं आहे. पान उलटण्याचे कष्ट कुणी घेतले असते तर कळलं असतं की मरळ नुसत्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगत नाही. तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावं लागतं, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घ्यावा लागतो. म्हणूनच आटत्या डबक्यात, जिथे बाकीचे मासे मरतात, तिथे ती टिकते. पण तिची वर येण्याची वाट बंद केली, तर स्वच्छ, बुडबुडे सोडलेल्या पाण्यातही ती बुडून मरते. मासा बुडून मरतो, हे ऐकून पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी हसतात. मग त्यांचं हसू थांबतं. प्रयोगशाळेतल्या मरळीला मुलं ‘आजीबाई’ म्हणत. तिची टाकी कायम अर्धीच भरलेली असे आणि वर जाळी असे, कारण मरळ उडी मारते.

ही टाकी सांभाळत ताराबाई. हुद्दा प्रयोगशाळा सेविका, नेमणूक कंत्राटी, गाव इगतपुरीच्या पलीकडे. त्या कामाला लागल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. बाईंनी त्यांना रसायनांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून वाचायला शिकवलं, त्यामुळे ताराबाईंना ‘क’ कमळाच्या आधी ‘स्टार्च’ वाचता येऊ लागलं. त्यांची मुलगी पाच महिन्यांची असताना एकदा त्या तिला प्रयोगशाळेत घेऊन आल्या, सर्दी आहे म्हणाल्या. बाईंनी हातातली बाटली खाली ठेवली, पोरीचं झबलं वर केलं आणि घड्याळ लावून छातीची हालचाल मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. “ही सर्दी नाही. चला,” एवढंच बोलून रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. ती मुलगी आता संसार करते आहे आणि बाईंना फोनवर ‘गोळ्या घेतल्या का’ म्हणून दटावते.

तर १४ जुलै. बाईंच्या कार्याचं ‘जिवंत प्रतीक’ म्हणून आजीबाईंची टाकी व्यासपीठावर ठेवायची, ही कल्पना समितीच्या कार्यवाहांची. कल्पनेला माझी हरकत नव्हती. सकाळी आठला टाकी जागेवर गेली. अर्धी टाकी फोटोत बरी दिसत नाही, म्हणून कार्यवाहांनी ती काठोकाठ भरायला लावली. मासा उडी मारून पाहुण्यांच्या अंगावर जाईल, म्हणून जाळी काढून अखंड काच ठेवली आणि मंडपवाल्याकडून चारही बाजूंनी टेप मारून घेतली. त्यावर झेंडूचा गालिचा अंथरला. त्या वेळी झालेला संवाद फुलं लावणाऱ्या दोन मुलींनी मला शब्दशः सांगितला आणि मंडपवाल्यानेही त्याला दुजोरा दिला.

“साहेब, वरून काच नका लावू. ती वर येती, हवा घेती न् खाली जाती. नायतर मरंल.”

“अहो मावशी, पंप लावलाय ना? ऑक्सिजन चालू आहे.”

“पंपाचा तिला काय उपेग नाय. बाईंनीच सांगेल हाय.”

“आता तुम्ही आम्हाला सायन्स शिकवणार का? जा, चहाचं बघा.”

ताराबाईंना चहाकडे पाठवलं. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. बाईंची खुर्ची व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला होती, मधे फुलांची कमान. त्यांना टाकी दिसत नव्हती. मला तिसऱ्या रांगेतून दिसत होती. आजीबाई काचेला खालून धडका देत होती. सूत्रसंचालक म्हणाला, “पाहा, बाईंच्या स्वागताला मासासुद्धा नाचतो आहे!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले. एका स्वयंसेवकाने मला खांद्याला धरून बसवलं, “मॅडम, शूटिंग चालू आहे.” आणि मी बसले. भर सभेत ओरडायचं नसतं, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं आहे की मी भाषण संपायची वाट पाहिली. समितीवर रागावताना हे मी विसरलेली नाही. दुसऱ्यांदा उठले तेव्हा घड्याळात अकरा चाळीस झाले होते आणि मासा नाचत नव्हता.

मी कार्यवाहांना गाठलं.

“अहो मॅडम, एका माशावरून किती! मार्केटमधून दुसरा आणून देतो.”

“त्याला टेप कोण मारणार, तुम्हीच?”

“ऑक्सिजन चालूच होता. फोटोत बुडबुडे दिसतायत बघा.”

“त्याच फोटोत मासा काचेला तोंड लावून आहे, तोही बघा.”

इथवर ही अडाणीपणाची गोष्ट आहे आणि अडाणीपणा मी बत्तीस वर्षं तपासत आले, त्याला गुण कमी देऊन सोडून देता येतं. पुढचं सोडता येत नाही. १६ जुलैला ताराबाईंच्या हातात समितीच्या सांगण्यावरून महाविद्यालयाची नोटीस पडली. ‘जिवंत नमुन्याच्या देखभालीतील अक्षम्य हलगर्जीपणा.’ कंत्राट पुढे का चालू ठेवावं, याचा खुलासा मागितला आहे, आणि खुलाशाचा मजकूर समितीनेच आधी टाइप करून सोबत जोडला आहे: ‘माझ्या दुर्लक्षामुळे मासा मरण पावला.’ खाली सहीपुरती जागा.

ताराबाई तो कागद घेऊन गंगापूर रोडला बाईंच्या घरी आल्या. मी तिथेच होते.

“मी सही नाय केली, बाई. ते म्हनले, वाचायचं काय त्यात, कर सही. मी म्हनले, मला वाचाया येतं.”

बाईंनी कागद दोनदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला. त्या आठवड्यात समितीचे दोघे येऊन गेले, तेव्हाही बाई शांत होत्या. बाहेर पडताना ते मला म्हणाले, “बघा, मॅडमची काही तक्रार नाही. तुम्हीच उगाच.” या सद्गृहस्थांनी बाईंचं एक तरी पान वाचायला हवं होतं. प्राणवायू कमी पडायला लागला की मासा आधी जोरजोरात श्वास घेतो. प्राणवायू एका मर्यादेखाली गेला की तो धडपड सोडून शांत होतो. पाहणाऱ्याला वाटतं, बरं झालं, सवय झाली त्याला. बाईंनी ती मर्यादा मोजण्यात आयुष्य घालवलं आणि समितीला ती बाईंच्या बैठकीच्या खोलीत समोर बसूनही दिसली नाही.

ते गेल्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने समितीला दोन ओळी लिहिल्या: ‘टाकी बंद करण्याचा निर्णय कोणाचा होता, ते कळवावे. ताराबाईंनी आधी सावध केले होते, याची नोंद घ्यावी.’ समितीने उत्तर म्हणून पुष्पगुच्छ पाठवला. बाईंनी तो पाण्यात ठेवला, कारण फुलांचा दोष नाही. मग मला म्हणाल्या, “ग्रंथाच्या प्रकाशनाला मी येईन, पण ताराबाईंसोबत. त्या नोकरीत नसतील, तर मीही नसेन.” एवढ्या थोड्या शब्दांत मला राग कधीच व्यक्त करता आला नाही.

बाईंच्या सर्व विद्यार्थ्यांना, सहकाऱ्यांना आणि सुहृदांना, जे हा ग्रंथ हातात घेणार आहेत त्यांना, माझी विनंती आहे. बाईंच्या नावाने समितीला हार, शाल, काव्य काही पाठवू नका. एक पत्र पाठवा आणि बाईंनी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारा. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांचा दमा आटोक्यात राहो, सकाळचं फिरणं चालू राहो आणि रोज सकाळी उठल्यावर चिडण्यासारखं थोडं कमी सापडो, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यातला शेवटचा भाग समितीच्या हातात आहे.

म्हणून समितीला: ताराबाईंवरची नोटीस मागे घेतल्याचं आणि काच कोणाच्या सांगण्यावरून बसवली याचं लेखी उत्तर, कार्यवाहांच्या सहीनिशी, शुक्रवार ३१ जुलै रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी मला मिळावं. फोन करू नये. गुच्छ पाठवू नये.