गणवेशात जायचं राहून गेलं

टॉवेल विणणाऱ्या त्या बाईंची केस अजून मनातून जात नाही, आणि आठवली की मला माझीच लाज वाटते.

तेव्हा मी सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कर खात्याकडून तक्रार आली. पूर्व भागातल्या एका कारखान्याच्या जीएसटी नंबरवर लोखंडी सळ्यांची बिलं निघाली होती. कारखाना कसला, चार यंत्रमाग. तिथं टॉवेल विणायचे, सळई कधी आलीच नव्हती. मालकीण तेलुगू घरातल्या, विधवा, वय पन्नाशीचं. बाईंनीच बोगस बिलं काढली, असं मी तक्रार वाचतानाच ठरवून टाकलं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा, असं कायदा सांगतो. मला ते माहीत होतं. तरी मी भरदुपारी जीप पाठवली आणि अख्ख्या गल्लीदेखत त्यांना ठाण्यात आणलं. वचक बसला की माणूस लवकर बोलतो, असं मी हाताखालच्यांना शिकवत असे.

"बिलं कुणी काढली?"

"मला ठावं न्हाय, साहेब. आता सगळा हिशेब ऑनलाइन करा म्हणाले. आमचे कर सल्लागार म्हणाले, याला वेगळं सिम काढा आन माज्याकडंच ठेवा. सारका ओटीपी येतोय, तुमाला मागावर कुटं जमायचं? म्हणून दिलं."

"आणि तुम्ही दिलंत?"

"गल्लीत सगळ्यांनीच दिलंय की."

मी खेकसलो. "ओटीपी म्हणजे तुमची सही. सही कुणी दुसऱ्याच्या हातात देतं का?"

तेवढ्यात ठाणे अंमलदाराने दारातून विचारलं, "साहेब, तुमच्या लॉगिनने दोन गुन्हे कॉम्प्युटरवर चढवून टाकतो. पासवर्ड जुनाच ना?"

मी होकारार्थी मान हलवली. बाई बघत होत्या.

"तुमीबी विश्वासानंच दिलाय न्हवं, साहेब?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मला राग आला. त्यांना बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्या सिमची माहिती मागवली. ते जुळे सोलापूर या उपनगरातल्या सल्लागाराच्या ऑफिसात चालू होतं. पंचांसमक्ष झडती घेतली, तर ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा डबा आणि त्यात सिमकार्डं, प्रत्येकावर कारखान्याचं नाव चिकटवलेलं. सल्लागार तासाभरात कबूल झाला.

बाई कागदोपत्री सुटल्या. आठवड्याने त्या स्वतः ठाण्यात आल्या.

"जीप सगळ्यांनी बघितली, साहेब. सूतवाला आता माल देईना. एकदा गणवेशात या की. चार लोकांसमोर सांगा, बाईचा काय गुन्हा न्हाय म्हणून."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. बंदोबस्त होता, बैठका होत्या, सबबींना काय तोटा. खरं म्हणजे माफी मागायची हिंमत नव्हती. बघता बघता निवृत्त झालो.

गेल्या वर्षी एकदाचा गेलो. चारपैकी दोनच माग चालू होते. बाई चष्मा लावून रिटर्न स्वतःच भरत होत्या आणि फोन मांडीवर ठेवला होता. मी म्हणालो, "तेव्हा सांगायचं राहिलं, ते सांगायला आलोय."

त्यांनी माझ्या साध्या बुशशर्टाकडे पाहिलं.

"आता तुमी कोण, ते गल्लीला कसं कळायचं, साहेब? बसा, चहा टाकते."

गुन्हा उकलला की केस संपली, असं आम्ही पोलीस मानतो. पण आरोप जितक्या लोकांदेखत केला, तितक्यांदेखत तो मागे घ्यायचा असतो, आणि तोही वेळेत. हे मला उशिरा कळलं, आणि त्याची किंमत बाईंनी मोजली.

जीप गेली तेव्हा दारोदारी माणसं उभी होती. मी चहा पीत बसलो, तेव्हा कुणी डोकावलंसुद्धा नाही.