माळरानावरचा विधुर आणि निफाडचे पाहुणे

मार्चचा शेवटचा रविवार, सकाळी आठ. ठिकाण: आमच्या इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाकीची सावली पडते ती बाजू. हजर: तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, स्वतःच्या पोळपाट-लाटण्यासह, तळमजल्यावरची वहिनी, फोनसह, माझी शेजारीण, आणि मी. गैरहजर: काकूंचे, वहिनीचे आणि माझे यजमान; कारणं नेहमीची. शेजारणीचे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले, त्यांना मी गैरहजरांत धरत नाही. काम: उडदाचे पापड.

आमच्या गच्चीवर नियम असा आहे की तिघींनी लाटायचं आणि एकीने गोष्ट सांगायची. सांगणारीने दोऱ्याने लाट्या कापायच्या, तेलाचा हात लावायचा आणि तोंड चालू ठेवायचं. हे काम माझ्याकडे आलं कारण माझे पापड कडेला जाड राहतात. आधी वहिनी मालिकांच्या कथा सांगायची, पण तिच्या मालिकांत तीन उन्हाळे एकच लग्न चाललं होतं. मी पहिल्या वर्षी एक खून सांगितला आणि मग कोणी वहिनीकडे परत गेलं नाही.

मी आमिश खुनाच्या गोष्टी वाचते. मोबाइलवर, इंग्रजीत. आमिश म्हणजे अमेरिकेतले ते धार्मिक लोक, ज्यांच्या घरात वीज नाही, दारात मोटार नाही, घोडागाडीतून जातात आणि बायका डोक्याला पांढरी टोपी घालतात. ही पुस्तकं मला आवडतात ती भक्तिभावामुळे नाही. त्यांची स्वयंपाकघरं मला आवडतात. तळघरात फळांच्या बरण्या ओळीने, प्रत्येकीवर चिठ्ठी. सोमवारी धुणं म्हणजे सोमवारीच धुणं. इतकं शिस्तीचं घर मी नाशिकमध्ये एकच पाहिलं आहे, ते माझं.

बाकी या पुस्तकांत हसण्यासारखं पुष्कळ आहे. गावात कोणी कोणाला वावगं बोलत नाही आणि दर पुस्तकात एक प्रेत सापडतं. अशी चौदा-पंधरा पुस्तकं झाली की त्या गावात शेती करायला माणूस उरायला नको, पण शाळा भरते, लग्नं होतात, पुढच्या प्रेताची सोय होते. फोन पाप आहे म्हणून तो घरात नसतो, शेताच्या टोकाला एका खोपटात असतो, आणि सगळं गाव तिथे रांग लावून पापमुक्त बोलतं. पोलीस येतो तो हमखास गोंधळलेला. खून शोधते लोणची विकणारी बाई. बिशप तिला रागावतो, मग तिचंच लोणचं खातो.

दुसरा प्रकार म्हणजे सद्भावनेच्या ऐतिहासिक कादंबऱ्या. त्यात एक विधवा असते. ती बोटीने, मग रेल्वेने, मग खटाऱ्याने मैलोन् मैल जाते आणि माळरानावरच्या एका अनोळखी विधुराशी पत्राने ठरलेलं लग्न करते. विधुर उंच. बोलत नाही. त्याला दोन मुलं असतात, त्यांतल्या एकाला ताप येतो. ताप उतरेपर्यंत दोघांचं प्रेम जमतं आणि बाईची देवावरची श्रद्धा, जी तिसऱ्या प्रकरणात गेलेली असते, परत येते. मला हे सगळं आधीच ठाऊक असतं. तरी मी वाचते आणि त्या तापाच्या पानांवर डोळे पुसते. अशा पुस्तकांना नाक मुरडणारी माणसं मी वाचनालयात पाहिली आहेत. ती जाड पुस्तकं घेतात आणि तशीच परत करतात.

यंदा ऊन कोवळं असताना विधुराची गोष्ट आणि ऊन तापलं की खुनाची, असं मी ठरवलं होतं. पहिल्या रविवारी विधुराने न सांगता विधवेच्या खिडकीला फळी ठोकून दिली, आणि वहिनी लाटणं खाली ठेवून म्हणाली, "अगदी असेच एक आहेत."

"कोण?" काकू.

"माझ्या माहेरी, निफाडला. आमच्या घराला लागूनच. द्राक्षाची बाग आहे. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी सासरी. माणूस एकदम शांत. बोलतच नाही."

एवढं बोलून ती शेजारणीकडे बघत राहिली. काकूही बघायला लागल्या. शेजारीण अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते आणि सकाळी सहापासून उपाशी आलेल्या चिडक्या लोकांना रांगेत उभं करते. अशा बाईला कोणी बघितल्याने काही होत नाही.

"माझ्या पापडाला भोक पडलंय का?" तिने विचारलं.

"तुझ्या नशिबाला पडलंय, ते बुजवतोय आम्ही," काकू म्हणाल्या. "ती बाई बघ, बोटीतून गेली. तुला निफाडला जायला सिटीबससुद्धा चालेल."

"ती पुस्तकातली आहे, काकू."

"पुस्तकं काय हवेतून लिहितात?"

त्या दिवशी जिना उतरताना शेजारीण माझ्याजवळ थांबली. "मला लग्न नकोच आहे असं नाही गं," ती म्हणाली. "संध्याकाळी कुलूप काढून आत जायचा कंटाळा येतो. मुलगा बंगळूरहून फोन करतो, आई, तुला हवं ते कर म्हणतो. म्हणजे तो येणार नाही. पण नोकरी सोडायची, घर बंद करायचं, आणि तिकडे जमलं नाही तर? परत येऊन त्याच काउंटरवर मला कोण बसवणार?"

मी तिला सांगितलं की आधी माणूस बघू. बघण्यात काही जात नाही.

काकूंनी बघण्याची जागा गच्चीच ठरवली. घरात पोह्यांना बोलावलं की ठरल्यासारखं होतं, गच्चीवर बोलावलं तर पाहुणे नुसते पापडांना आले असं सांगता येतं. हा शोध काकूंचा, आणि तो त्यांनी शेजारणीला शनिवारी संध्याकाळी कळवला, नाही म्हणायला वेळ उरू नये म्हणून.

दुसऱ्या रविवारी निफाडचे पाहुणे आले. उंची बेताची, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात द्राक्षांची पेटी. सोबत त्यांची मोठी बहीण. पाहुण्यांनी नमस्कार केला, पेटी ठेवली आणि प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर बसले. पुढचा सगळा वेळ बहीण बोलली.

"हा ल्हानपणापासून असाच. बोलायचं नाय, काम लय."

काकूंनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. अर्थ: फळी ठोकणारा.

"आमची आई अंथरुणाला हाय. तिला बाईमाणसाचाच हात लागतो. तुम्ही दवाखान्यात असता ना?"

"लॅबमध्ये," शेजारीण म्हणाली. "मी पावत्या फाडते."

"तेच ते. सवय हाय तुम्हाला आजाऱ्यांची. नोकरीचं मग काय, घरात काम थोडं हाय का? अन् इथल्या घराला भाडेकरू मिळंल की कोणी."

इतक्यात वारा सुटला आणि कडेच्या साडीवरचे पापड उडायला लागले. आम्ही चौघी नुसत्या 'अगं अगं' करत राहिलो. पाहुणे काही न बोलता उठले, कुंड्यांतले खडे गोळा केले, साडीच्या चारी कडांना ठेवले आणि परत येऊन बसले. काकू विरघळल्या. वहिनीने तर मला कोपराने ढोसलं.

माझी अडचण मात्र वेगळी झाली होती. मी दोन्ही प्रकारची पुस्तकं वाचते. विधुराच्या पुस्तकात न बोलता मदत करणारा माणूस नवरा असतो. खुनाच्या पुस्तकात न बोलता मदत करणाऱ्या माणसाला प्रेत कुठे पुरलंय ते माहीत असतं. गच्चीवरच्या बाकी दोघींनी ऊन कोवळं असतानाची गोष्ट मनावर घेतली होती. ऊन तर आता चांगलंच तापलं होतं.

अशा वेळी आमिश बाई काय करते? संशयितांना वेगळं करते. त्यासाठी लोणचं वापरते.

"काकू, ताईंना तुमच्या लोणच्याच्या बरण्या नाही दाखवल्या?" मी म्हणाले. काकूंना दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. त्या बहिणीला घेऊन खाली गेल्या, आणि माहेरचं माणूस एकटं कसं सोडायचं म्हणून वहिनीही मागोमाग. मी लाट्या कापत राहिले. कोणीतरी कापायला हव्यात.

शेजारणीने लाटण्यावरून नजर न उचलता विचारलं, "तुम्हाला लग्न करायचंय का?"

कादंबरीत या जागी अर्धं पान सूर्यास्त असतो. आमच्याकडे टाकी भरून वाहायला लागली होती, तिचा आवाज.

"ताई म्हणती करायला पाहिजे," पाहुणे म्हणाले.

"तुमचं विचारतेय."

"आईला उचलावं लागतं. सकाळ-संध्याकाळ. मीच उचलतो. आता पाठ धरती माझी."

"मग बाई ठेवा. नाशिकहून येतात अशा कामाला, राहतातसुद्धा."

"ठेवली होती. चांगली होती. ताईनं काढली. परक्या बाईच्या हातात घराच्या चाव्या नको म्हणाली."

माझ्या पुस्तकात या वाक्यानंतर बिशप टोपी काढतो आणि पोलीस गोंधळतो. परकी नको, म्हणून घरची करून आणायची. चाव्या द्यायच्या, पगार नाही. बहीण खाली काकूंचं कैरीचं लोणचं चाखत होती आणि इकडे गुन्हा उघडकीला आला होता.

पण मग पाहुणे पुढे बोलले, जे कुठल्याच प्रकारात बसेना. "मला एकट्याला जेवायला बसवत नाय. ते मात्र खरं हाय. त्याच्यात ताईचं काय नाय." मग म्हणाले, "तुम्ही कामाला बसनं जाता?"

"स्कूटरवर."

"बरंय," ते म्हणाले, आणि शेजारणीचा पापड मधेच फाटला. तिने तो परत गोळा करून लाटला. खाली जिन्यावर बहिणीचा आवाज ऐकू आला तेव्हा पाहुणे पुन्हा गप्प बसले होते.

ते गेल्यावर निकाल द्यायला सगळ्या बसल्या. मी ऐकलेलं सांगितलं. वहिनी फुगली. "तुला सगळीकडे खूनच दिसतो! घरात आजारी माणूस असणं हा काय गुन्हा आहे?"

"नाही. पण ते लपवून पापड बघायला येणं हा आहे."

"लपवलं कुठे? ताईंनी आल्या आल्या सांगितलं!"

हे खरं होतं. मला कबूल करावं लागलं. त्यांनी सगळं उघड सांगितलं होतं, आणि आम्ही खडे बघत बसलो होतो.

काकूंनी वेगळाच मार्ग काढला. "ते जाऊ दे. तुझ्या त्या विधवेचं काय होतं शेवटी, ते सांग."

"लग्न होतं."

"बघ!"

"मग?" शेजारणीने विचारलं.

"मग काय, पुस्तक संपतं."

"म्हणजे त्याच्या आईला कोण उचलतं?"

"आई नसतेच. या पुस्तकांत म्हातारी माणसं बोटीवरच जातात. पहिल्या प्रकरणात."

शेजारीण इतकी हसली की तिला लाटणं बाजूला ठेवावं लागलं. काकूही हसल्या, पण उशिरा. त्या स्वतः अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. हसून झाल्यावर शेजारणीने हात पुसले आणि मला म्हणाली, "तू कळव त्यांना. नाही म्हणून."

"मी का? वहिनी कळवेल."

"वहिनीने कळवलं तर तिला पुढच्या वेळी माहेरी चहा मिळणार नाही. आणि तू नीट बोलतेस. मुद्द्याचं."

हे योग्य होतं. वहिनीने नंबर दिला, तोंड फिरवून. मी माझ्या कामांच्या कागदावर लिहिलं: निफाडला फोन, नकार. सोमवारी शेजारीण लॅबला निघालेली जिन्यात भेटली, तिला म्हटलं, दुपारी फोन करते. ती म्हणाली, "सोमवारी नको. आठवड्याची सुरुवातच कुणाची अशी कशाला?" बुधवारी म्हणाली, द्राक्षांची काढणी चालू असेल, माणूस उन्हात असेल. शनिवारी मी तिच्या दारात उभी राहून विचारलं, नक्की काय सांगायचं ते एका वाक्यात सांग.

ती बराच वेळ पायातल्या चपलेचा पट्टा लावत बसली. "आधी एवढं विचार," ती म्हणाली, "ती काढलेली बाई परत मिळतेय का त्यांना. आणि बहिणीला नको लावूस फोन. त्यांनाच लाव."

"हा नकार नाही."

"नकार त्याच्यानंतर दे."

मी तिला सांगितलं की एका फोनमध्ये मला एकच काम नीट जमतं, दोन्ही घातली तर ते दुसरंच काहीतरी ऐकतील. ती म्हणाली, मग थांब जरा. पाहुण्यांचा नंबरही माझ्याकडे नाही. वहिनीने दिलेला बहिणीचा आहे, आणि वहिनी अजून फुगलेली आहे, तिच्याकडे परत जाऊन दुसरा मागावा लागेल.

पापड वाळले, चारी घरांत वाटून झाले, पोळपाट ज्याचे त्याला पोचले. गच्ची धुऊन झाली. कागदावरची बाकी सगळी कामं खोडली आहेत. निफाडचा फोन राहिला आहे.