इंजिनाची नाव आणि कृष्णेचं लुगडं

लुगड्याचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं जोतीच्या इंजिनाच्या नावेत, वकिलांच्या आईच्या हातात. हरिपूरच्या संगमावर मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. मनात एकच चाललं होतं, हे इंजिन आत्ताच्या आत्ता बंद पडावं.

खोटं कशाला सांगू? मी जळत होतो.

मी नावाडी. सांगलीच्या घाटावर हयात घालवली. एरवी आमचं काम उतारू या काठावरून त्या काठाला सोडायचं. पण थंडीत पाणी निवळलं की गावातली बडी कुटुंबं नाव ठरवायची. पणजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे नावेत. हरिपूरला संगमावर जेवण, पुढं नरसोबाच्या वाडीला मुक्काम, दोन दिवसांनी परत. जाताना पाणी नेतं. येताना गडी काठावरून दोर लावून नाव ओढतात. त्यात अख्खा दिवस जातो आणि खांदे सोलून निघतात. तरी या कामाचा मला लय अभिमान होता. वकिलांच्या घरच्या चार पिढ्या माझ्या नावेत बसल्या होत्या.

मग जर्मन-जपानची लढाई संपली आणि जोती परत आला.

जोतीला वल्हं धरायला मी शिकवलं होतं. तो पलटणीत गेला आणि येताना लष्करानं विकायला काढलेलं एक इंजिन घेऊन आला. नावेच्या मागच्या टोकाला ते अडकवायचं. त्याच्या खाली पाण्यात पितळी पंखा फिरतो. जोती त्याला फॅन म्हणायचा. खाकी पँट, मनगटावर घड्याळ, पेट्रोलचं परमिट खिशात. घाटावर त्याची नाव सुरू झाली की धुणं टाकून बायका बघत उभ्या राहायच्या. माझी बायकोसुद्धा म्हणाली, "जोतीची नाव लय झ्याक पळतीया." त्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

त्या साली वकिलांनी मला बोलावून घेतलं. माईंना, म्हणजे त्यांच्या आईला, आता दिवसभर बसवत नाही, नातवाचं बाळ चार महिन्यांचं आहे, जोती वाडीहून दीड-दोन तासांत परत आणतो, तेव्हा यंदा त्याची नाव ठरवली, असं म्हणाले. वर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस. असं कुणी म्हटलं की हटकून जास्तच वाटतं.

पण माईंनी एक निरोप धाडला. लुगड्याचं काठावरचं टोक महादूच धरेल, म्हणजे मी.

त्याचं असं आहे. आमच्याकडे नवस फेडताना नदीला लुगडं नेसवतात. पंधरा-वीस लुगडी एकमेकांना गाठी मारून जोडायची. एक टोक या काठावर माणसानं धरायचं. नाव पलीकडे निघाली की मागच्या बाजूनं लुगडं सोडत जायचं. ते अखंड पलीकडच्या काठाला टेकलं की नवस फिटला. माईंनी पणतवासाठी नवस बोलला होता. काठावरचं टोक वर्षानुवर्षं मी निवडलेला गडी धरायचा आणि नाव मी चालवायचो. यंदा नाव दुसऱ्याची, म्हणून टोक माझ्या हातात.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. कोरडं लुगडं पाण्यावर तरंगतं. मधल्या धारेपर्यंत ते पार भिजतं आणि खाली बसतं. नावेच्या मागं त्याचा झोळ पाण्यात लोंबतो. वल्ह्यांच्या नावेला मागं काहीच नसतं, झोळ पडला तर पडला. जोतीच्या नावेला मागं फॅन होता. जोती इंजिनाचं सगळं जाणत होता, पण लुगडं नेसवणारी नाव त्यानं कधी चालवली नव्हती.

नाव निघायच्या आधीच मला हे कळलं होतं. फॅनमध्ये कापड अडकेल, इंजिन गपगार पडेल, जोतीची चारचौघांत फजिती होईल आणि पुढल्या वर्षी वकील माझ्या दारात येतील. इतकंच मी बघितलं. त्यापुढचं बघितलं नाही.

इंजिन सुरू करताना जोतीनं वळून मला विचारलं, "नाना, समदं ठीक हाय न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय. ने तू."

नाव निघाली. माई मागच्या फळीवर बसून लुगडं सोडत होत्या, जोती पुढं नजर लावून बसला होता. मधली धार ओलांडली. लुगड्यांचा ढीग संपत आला, तसा माईंनी शेवटचा पदर मनगटाला दोन वेढे देऊन घेतला. नवसाचं टोक निसटू नये म्हणून. ते दिसलं आणि मला पुढचं कळलं, कापडाबरोबर त्यांचा हातही जाणार. मी ओरडलो, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय?

तेवढ्यात माझ्या हाताला हिसका बसला. फॅननं झोळ धरला होता. फॅन दोन्हीकडून कापड ओढतो. मी टोक घट्ट धरलं असतं, तर त्यानं सगळं माईंच्या बाजूनं ओढलं असतं. माई फळीवरून मागं खेचल्या जात होत्या. मी टोक सोडून दिलं.

माझ्याकडचं लुगडं सरसरत गेलं. तेवढ्या वेळात जोतीनं इंजिन बंद केलं. माईंचा हात पाण्याला टेकला होता. वीतभर खाली फॅन होता. नाव वाहत निघाली, मी दोर घेऊन पोहत गेलो आणि ओढून काठाला आणली. सगळे सुखरूप होते. बाळ तर झोपेतच होतं.

वकील उतरले ते थेट माझ्यासमोर. "महादू, इतका जळलास? टोक सोडून माईंचा नवस मोडलास!"

मी ओला दोर गुंडाळायला लागलो. त्यांनी बोट ठेवलं ते काम माझ्या हातून झालेलं एकच बरं काम होतं. पण जळलास म्हणाले, ते खरं होतं.

चार दिवसांनी जोती घरी आला. फॅनला गुंडाळलेलं कापड त्यानं स्वतः कापून काढलं होतं, काय झालं ते त्याला उमगलं होतं. "नाना, तुमी सोडलं नसतं तर माईंचा हात गेला असता. वकिलांना सांगून आलोय," म्हणाला. मी नुसतं बरं म्हणालो.

मग माईंचं बोलावणं आलं. मनगट हळदीच्या पट्टीत बांधलेलं. त्यांनी मला धोतरजोडी आणि नारळ दिला, म्हणाल्या, "तुझं लक्ष होतं, म्हणून हात राहिला." तिथं बोलायला हवं होतं. मी वाकून नमस्कार केला आणि धोतरजोडी घेऊन घरी आलो. नवस त्यांनी पुढल्या महिन्यात माझ्या नावेतून फेडला. जोतीच्या नावेत कुटुंबकबिला घेऊन बसायला मग कुणी धजेना. त्यानं इंजिन विकलं आणि मिरजेला मोटारींच्या कामाला लागला.

पुढं घाटावर इंजिनं आलीच. नव्या पोरांना मी बजावून सांगायचो, लुगडं सोडताना इंजिन बंद ठेवून वल्ही मारा आणि मनगटाला कधी गुंडाळू देऊ नका. हे कसं कळलं म्हणून कुणी विचारलं की म्हणायचो, आमच्या जोतीच्या चुकीवरून. घाटावर सगळे अजून तसंच सांगतात. चूक जोतीची नव्हती. नाव निघायच्या आधी त्यानं मला विचारलं होतं.